बादली, झाडू आणि रील: चॅलेंज संपल्यावर कचरा कोण उचलतं?

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुहू किंवा वर्सोव्याच्या चौपाटीवर गेलात, तर तिथे दोन गर्दी दिसतील. पहिल्या गर्दीच्या अंगात एकसारखे टी-शर्ट, हातात नवेकोरे ग्लोव्हज, मागे बॅनर, आणि दर दहा जणांमागे एक जण मोबाइल धरून उभा. दुसऱ्या गर्दीच्या अंगात महापालिकेचं जाकीट आणि हातात फावडं. पहिली गर्दी दहा-साडेदहाला पोहे खाऊन घरी जाते. दुसरी त्याआधीही तिथेच होती आणि नंतरही तिथेच असते.

मी कॉलेजात असताना पहिल्या गर्दीत होते. एनएसएसचे वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यातले चार तास उपनगरातल्या एका चौपाटीवर भरले. आम्ही खरंच राबलो. ऐंशीच्या आसपास गोण्या भरल्या, त्यांची एक भिंत रचली आणि तिच्यासमोर ग्रुप फोटो काढला. तो फोटो इन्स्टावर टाकला, तेव्हा मला वाढदिवसालाही मिळाले नसतील एवढे लाइक्स मिळाले. "गोण्यांचं काय?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा संयोजक म्हणाले, "गाडी येतेय." दुसऱ्या दिवशी तिथेच राहणाऱ्या मैत्रिणीने फोटो पाठवला. गाडी आलीच नव्हती. कुत्र्यांनी निम्म्या गोण्या फाडल्या होत्या आणि भरतीचं पाणी त्यातलं बरंचसं परत घेऊन गेलं होतं.

आमची पोस्ट मात्र तशीच होती. ती आजही आहे.

तेव्हापासून कुठलंही 'चॅलेंज' व्हायरल झालं की माझ्या डोक्यात तोच प्रश्न येतो: गाडी कुणाची, आणि ती येणार का? हा प्रश्न धरून गेल्या दहा-बारा वर्षांतली चॅलेंजेस पाहिली, की कुठलं चॅलेंज कामाचं होतं आणि कुठलं नुसतं बरं वाटण्यापुरतं, हे बऱ्यापैकी कळतं.

बादली आली, खातं आलं नाही

सुरुवात २०१४ च्या आइस बकेट चॅलेंजपासून करावी लागते, कारण आजच्या प्रत्येक चॅलेंजचा साचा तिथूनच आलाय. डोक्यावर बर्फाचं पाणी ओता, व्हिडिओ टाका, तिघांना नॉमिनेट करा. त्यांनी २४ तासांत पाणी ओतायचं, नाहीतर १०० डॉलर द्यायचे. कारण होतं एएलएस हा आजार. यात मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या पेशी मरत जातात आणि माणूस हळूहळू हालचाल, बोलणं, शेवटी श्वासही गमावतो. बोस्टन कॉलेजचा माजी बेसबॉलपटू पीट फ्रेट्स या आजाराने ग्रासलेला होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी हे चॅलेंज पेटवलं. फेसबुकवर १ कोटी ७० लाखांच्या आसपास व्हिडिओ पडले.

या प्रकाराला नाव ठेवणं सोपं आहे, पण आकडे आधी बघू. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला त्या उन्हाळ्यात ११.५ कोटी डॉलर मिळाले. त्या पैशातला काही भाग ज्या संशोधनाला गेला, त्यातून २०१६ मध्ये एनईके१ या जनुकाचा एएलएसशी असलेला संबंध समोर आला. एका औषधाच्या चाचण्यांनाही पैसा मिळाला. २०२२ मध्ये अमेरिकेने त्या औषधाला मान्यता दिली, पुढच्या मोठ्या चाचणीत ते उपयोगी ठरलं नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. संशोधन असंच चालतं, त्यात चॅलेंजचा दोष नाही. मुद्दा असा की तिथे बादलीच्या मागे एक संस्था होती, एक खातं होतं आणि पैसा कुठे गेला हे विचारायची सोय होती. दोष काढायचाच तर तो दुसरा आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये संस्थेने तेच चॅलेंज पुन्हा राबवलं, पण पहिल्या लाटेच्या जवळपासही रक्कम गेली नाही. आजार तेवढाच होता, रुग्णही तेवढेच होते, फक्त लोकांची हौस फिटली होती.

आता मुंबईत या. त्याच वर्षी जुलैत पाऊस लांबला म्हणून महापालिकेने २० टक्के पाणीकपात केली होती. मराठवाड्यात पाऊस रुसलेला होता. आणि ऑगस्टमध्ये आपले कलाकार आणि त्यांच्यामागोमाग अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांमधली पोरं डोक्यावर बादल्या ओतत होती. यातल्या किती जणांना एएलएस म्हणजे काय हे माहीत होतं, हा प्रश्न बाजूला ठेवू. भारतात या व्हिडिओंखाली पैसे कुठे द्यायचे हेच बहुतेकांनी लिहिलं नव्हतं. 'पाणी ओता किंवा पैसे द्या' यातला दुसरा भाग समुद्र ओलांडताना गळून पडला.

हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांना हे खटकलं. त्यांनी 'राइस बकेट चॅलेंज' सुरू केलं: पाणी ओतू नका, एक बादली तांदूळ गरजूला द्या आणि त्याचा फोटो टाका. कल्पना देशी होती, पाणी वाचलं आणि कुणाच्या तरी घरी भात शिजला. मला ती आवडतेही. फक्त फोटोत बादली देणारा हसतोय आणि घेणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागतंय, ही अडचण तिथेही होतीच. आणि रेशनवर धान्य का मिळत नाही, हा प्रश्न त्या फोटोत कुठेच बसत नव्हता.

नऊ नावं आणि एक सेस

२ ऑक्टोबर २०१४. स्वच्छ भारत अभियान सुरू करताना पंतप्रधान नरेंद्र मोदींनी नऊ नावं घेतली आणि या प्रत्येकाने आणखी नऊ जणांना साद घालावी, असं सांगितलं. आइस बकेट जाऊन जेमतेम महिना झाला होता. साचा तोच, बादलीच्या जागी झाडू आला. यादीत सचिन तेंडुलकर, सलमान खान, प्रियांका चोप्रा होत्या आणि गोरेगावच्या फिल्मसिटीत गोकुळधाम सोसायटी वसवणारी 'तारक मेहता का उल्टा चष्मा'ची टीमही होती. तेंडुलकर वांद्र्यात रस्ता झाडताना दिसला. प्रियांकाने वर्सोव्यातल्या एका वस्तीत सफाई आणि रंगरंगोटी केली, त्याचा व्हिडिओ आला आणि पंतप्रधानांनी कौतुक केलं.

मग जे व्हायचं तेच झालं. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत इंडिया इस्लामिक कल्चरल सेंटरबाहेर राजकीय पाहुणे झाडू मारायला येण्याआधी कर्मचारी तिथे वाळका पाला आणून पसरतायत, अशी छायाचित्रं समोर आली. झाडायला कचरा हवा, आणि तिथे तो पुरेसा नव्हता.

यातली गंमत म्हणजे त्या मोहिमेचा जो भाग टिकला, त्याचा कुणी रील केला नाही. १५ नोव्हेंबर २०१५ पासून करपात्र सेवांवर ०.५ टक्का स्वच्छ भारत सेस लागला. हॉटेलचं बिल, मोबाइलचं बिल, सगळ्यावर. जीएसटी येईपर्यंत, म्हणजे जून २०१७ अखेरपर्यंत, तो आपण सगळ्यांनी भरला. नॉमिनेशन नाही, हॅशटॅग नाही, बिलाच्या तळाशी एक ओळ. शौचालयं बांधायला लागतो तो पैसा असा येतो. त्यात बरं वाटण्यासारखं काही नसतं, उलट बिल बघून कपाळाला आठीच पडते.

मागणी करायची ती कुणाकडे?

आता आपल्या उपनगरांच्या खास प्रकरणाकडे येते, कारण सगळ्या जगात मला याच्याइतकं बोलकं उदाहरण सापडलेलं नाही.

मुंबईत चार नद्या आहेत. दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघून राष्ट्रीय उद्यानातून बोरिवली-दहिसरमधून खाडीला जाते. पोयसर कांदिवली-मालाडकडून, ओशिवरा आरेच्या डोंगराकडून गोरेगावमार्गे, आणि मिठी विहार-पवईकडून निघून माहीमला. उपनगरात वाढलेल्या कुणालाही विचारा, यातल्या निम्म्यांना आपण लहानपणापासून 'नाला' म्हणत आलोय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नावाची नदी आहे हे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

बोरिवलीतल्या काही नागरिकांनी या नद्यांसाठी 'रिव्हर मार्च' नावाने मोहीम चालवली. माणसं मनापासून काम करणारी, नदीकाठाने चालणारी, पत्रं लिहिणारी. २०१८ च्या फेब्रुवारीत या मोहिमेसाठी एक म्युझिक व्हिडिओ आला, 'मुंबई रिव्हर अँथम'. आवाज सोनू निगम आणि अमृता फडणवीस यांचा. पडद्यावर स्वतः मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार, महापालिका आयुक्त अजोय मेहता आणि पोलिस आयुक्त दत्ता पडसलगीकर. व्हिडिओ धडाक्यात फिरला. विरोधकांनी विचारलं की खासगी म्युझिक कंपनीच्या व्हिडिओत मुख्यमंत्री आणि अधिकारी कसे? सरकारकडून सांगण्यात आलं की हा उपक्रम नागरिकांच्या मोहिमेचा आहे, सरकारी पैसा खर्च झालेला नाही. दोन-तीन दिवस वाद रंगला आणि विरला.

वाद चुकीच्या मुद्द्यावर झाला, असं माझं मत आहे. पैसा कुणाचा, कंपनी कुठली, हे दुय्यम. मुख्य गोष्ट अशी की नदी स्वच्छ करा ही मागणी ज्यांच्याकडे करायची, ते सगळे व्हिडिओत आपल्याच बाजूला येऊन उभे होते. राज्याची तिजोरी अर्थमंत्र्यांकडे. सांडपाण्याची यंत्रणा आयुक्तांकडे. नगरविकास खातं तर तेव्हा मुख्यमंत्र्यांकडेच होतं. ही माणसं जेव्हा कॅमेऱ्यात बघून आपल्याला नदी वाचवायला सांगतात, तेव्हा समोर कुणी उरतच नाही. सगळेच आवाहन करणारे, मग उत्तर देणारा कोण?

आणि नद्या घाण का आहेत, याचं उत्तर अवघड नाही. प्लास्टिकच्या पिशव्या डोळ्यांना दिसतात, पण नदीचा खरा खून सांडपाणी करतं. मलवाहिनी न पोहोचलेल्या वस्त्या, तबेल्यांचं शेण, कारखान्यांचं पाणी थेट नदीत. त्यावर उपाय म्हणजे मलवाहिन्या आणि प्रक्रिया केंद्रं. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईतल्या सात सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं: मालाड, भांडुप, वर्सोवा, घाटकोपर, वांद्रे, धारावी, वरळी. खर्च साधारण १७,२०० कोटी रुपये, क्षमता रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. म्हणजे गाणं आलं त्यानंतर पाच वर्षांनी पायाचा दगड बसला. एखाद्या रविवारी शंभर पोरांनी ओशिवऱ्याच्या काठाची प्लास्टिकं उचलली म्हणून हे १७,२०० कोटींचं काम एका रुपयाने कमी होत नाही. त्यांनी उचलू नयेत असं नाही. पण 'आफ्टर'च्या फोटोत जे पाणी दिसतं, ते 'बिफोर'च्या फोटोइतकंच काळं असतं, हे झूम करून बघा.

वर्सोव्यात काय वेगळं झालं

आता तुम्ही म्हणाल, वर्सोव्याचं काय? तिथे तर लोकांनीच समुद्रकिनारा साफ करून दाखवला!

बरोबर आहे, आणि म्हणूनच ती गोष्ट नीट बघायला हवी. २०१५ मध्ये वकील अफरोज शाह वर्सोव्यात राहायला आले. खिडकीतून दिसायची ती वाळू नव्हे, माणूस बुडेल इतका कचऱ्याचा थर. ऑक्टोबरमध्ये त्यांनी ८४ वर्षांच्या शेजाऱ्याला सोबत घेऊन उचलायला सुरुवात केली. पुढे दर शनिवार-रविवार. कोळीवाड्यातली माणसं, विद्यार्थी, कलाकार, सगळे येत गेले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' म्हणून गौरवलं. मार्च २०१८ मध्ये साधारण दोन दशकांनी या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. तो व्हिडिओ मीही तीनदा बघितलाय.

पण या गोष्टीतला एक भाग शेअर होत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये शाह यांनी मोहीम थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. पुरस्कार मिळून एक वर्ष झालं होतं, जगभर नाव झालं होतं. थांबण्याची कारणं दोन सांगितली: स्वयंसेवकांना होणारी शिवीगाळ, आणि गोळा केलेला कचरा पालिकेकडून उचलला न जाणं. कचऱ्याचे ढीग किनाऱ्यावरच पडून होते. मग वरच्या पातळीवर सूत्रं हलली, आश्वासनं मिळाली आणि काम पुन्हा सुरू झालं.

माझ्या ऐंशी गोण्या आणि त्यांचे हजारो टन यांत तुलनाच नाही. पण दोघांची गाडी अडली ती एकाच जागी, न आलेल्या गाडीपाशी.

२०१९ च्या मार्चमध्ये 'ट्रॅशटॅग' चॅलेंज जगभर पसरलं. घाण जागेचा फोटो, मग साफ केलेल्या त्याच जागेचा फोटो. आइस बकेटपेक्षा हे बरंच, निदान प्रत्यक्ष काम तरी होतं. पण या दोन फोटोंच्या साच्यात तिसरा फोटो नसतो: गोण्या कुठे गेल्या त्याचा. मुंबईपुरतं उत्तर द्यायचं तर शहराच्या रोजच्या साधारण साडेसहा हजार टन कचऱ्यातला मोठा हिस्सा कांजूरमार्गला जातो. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं, तिथलाही भार इकडे आला. विक्रोळी, कांजूर, भांडुपचे लोक वर्षानुवर्षं दुर्गंधीच्या तक्रारी करतायत. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांजूरच्या जवळपास १२० हेक्टर जागेला संरक्षित वनाचा दर्जा परत दिला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. अंधेरीचा 'आफ्टर' फोटो हा कांजूरकरांचा 'बिफोर' फोटो असतो. फक्त तो कुणी पोस्ट करत नाही.

'स्वयंसेवक' हा शब्द

इथे मला जरा थांबायचंय. या सगळ्या मोहिमांत 'स्वयंसेवक' हा शब्द आपण अभिमानाने वापरतो. मुंबईच्या सफाईत याच शब्दाला वेगळा इतिहास आहे.

कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांची एक युनियन आहे, कचरा वाहतूक श्रमिक संघ. तिचे नेते मिलिंद रानडे. त्यांचं म्हणणं होतं की महापालिका एकेका कंत्राटदाराकडे मुद्दाम वीसपेक्षा कमी माणसं दाखवते, कारण १९७० चा कंत्राटी कामगार कायदा तेव्हा वीस किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथेच लागू होत होता. काम कायमचं, रोजचं, पण कामगार कायम नाही. दुसरीकडे झोपडपट्ट्यांमधल्या सफाईसाठी दत्तक वस्ती योजना आणि पुढे स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान आलं. त्यात संस्थांमार्फत गटारं आणि गल्ल्या साफ करणाऱ्यांना म्हणायचं स्वयंसेवक, आणि त्यांना मिळतं ते मानधन. पगार म्हटला की किमान वेतन आलं, पीएफ आला, रजा आली. मानधन म्हटलं की यातलं काहीच नाही.

कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या २,७०० कामगारांचा खटला वर्षानुवर्षं चालला. ऑक्टोबर २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने त्यांना कायम करा, असा निकाल दिला. हो, तोच ऑक्टोबर, ज्यात सेलिब्रिटी झाडू घेऊन रस्त्यावर उतरले होते. महापालिका आधी उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूचा निकाल कायम ठेवला.

त्या अडीच वर्षांत मुंबईत झाडूचे किती सेल्फी निघाले असतील याचा हिशेब नाही. या २,७०० लोकांसाठी एकही चॅलेंज निघालं नाही. ज्याचं पोट झाडूवर आहे त्याच्या हातातला झाडू व्हायरल होत नाही. तोच झाडू दोन तासांसाठी आपल्या हातात आला की होतो.

काहीच न करण्यापेक्षा बरं ना?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. माझ्या आईनेही हा लेख लिहितेय म्हटल्यावर तोच विचारला: "पोरं काहीतरी चांगलं करतायत, तुला काय त्रास?"

त्रास नाही. पण 'काहीच न करणं' आणि 'रील करणं' एवढे दोनच पर्याय आहेत, हे गृहीतच चुकीचं आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१४ मधला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. एखाद्या कारणाला लोकांनी चारचौघांत छोटासा पाठिंबा दाखवला, म्हणजे बिल्ला लावला किंवा पेज लाइक केलं, की नंतर खरं काम किंवा पैसे मागितल्यावर ते कमी पुढे येतात. तोच पाठिंबा कुणाला न दाखवता दिला असेल, तर जास्त पुढे येतात. चारचौघांत दिसलो, चांगले ठरलो, काम झालं. आमच्या त्या ग्रुप फोटोनंतर गाडीचा पाठपुरावा एकानेही केला नाही, मीसुद्धा.

सोशल मीडियाचा दबाव कधीच कामाला येत नाही, असंही म्हणता येणार नाही. आरे आठवा. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. मोबाइलवरून बातमी पसरली, लोक रात्रीच गोरेगावला पोहोचले, २९ जणांना अटक झाली. एका विधी विद्यार्थ्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी घेतली आणि ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं पडली होती आणि कारशेडही शेवटी आरेतच झालं. म्हणजे जिंकले असंही नाही. पण त्या हॅशटॅगला समोर एक ठरावीक पक्ष होता, एक ठरावीक मागणी होती आणि ते वापरणाऱ्यांना किंमत मोजावी लागली. तिथे अधिकारी सोबत गाणं म्हणायला आले नव्हते.

आणि एक जुनी गोष्ट, सोशल मीडियाच्या कितीतरी आधीची. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९० च्या दशकात गल्लीतला कचरा ओला-सुका वेगळा करायला सुरुवात केली, वॉर्ड ऑफिसच्या अधिकाऱ्यांना बैठकीला बोलवायला लागले. त्यातूनच महापालिकेची एएलएम, म्हणजे गल्लीपातळीवरच्या नागरिक समित्यांची योजना उभी राहिली आणि शहरभर पसरली. आज यातल्या अनेक समित्या कागदावरच उरल्यात. बैठकांना येणारे काका-काकू थकले, आणि आमच्या पिढीला महिन्यातून एकदा वॉर्ड ऑफिसच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसायचा कंटाळा येतो. मलाही येतो. त्या दोन तासांचा रील बनवला तर तो कुणी पूर्ण बघणार नाही, मीही नाही.

कॅमेऱ्यावर मात्र आता पालिकेचाही भरवसा बसलाय. मे २०२५ मध्ये मिठीतला गाळ काढण्याच्या कामात ६५ कोटींहून जास्त रकमेचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून आर्थिक गुन्हे शाखेने १३ जणांवर गुन्हा नोंदवला. प्रकरण अजून आरोपाच्या पातळीवर आहे. त्याच वर्षीपासून नालेसफाईच्या कंत्राटदारांना गाळ काढण्याआधीचे आणि नंतरचे ३० सेकंदांचे व्हिडिओ देणं बंधनकारक झालं, आणि एआयने ते तपासून गैरप्रकार पकडल्यावर दंडही झाले. बिफोर आणि आफ्टर. आपण चॅलेंज म्हणून जे पोस्ट करतो, तोच साचा आता बिल मंजूर करायला वापरला जातोय, आणि तिथेही तो यंत्राकडून तपासून घ्यावा लागतोय.

परवा एका ग्रुपवर मेसेज आला: रविवारी सकाळी सात, बीच क्लीन-अप, पांढरा टी-शर्ट, सर्टिफिकेट मिळेल. मी विचारलं, गोण्या उचलायला गाडी कुठल्या वॉर्डची, किती वाजता येणार, कुणाशी बोलणं झालंय? बराच वेळ कुणी काही बोललं नाही. एकाने हसण्याचा इमोजी टाकला. संध्याकाळी संयोजक मुलीचं उत्तर आलं, "ताई, हे विचारलंच नव्हतं. आता वॉर्डातल्या मुकादमांशी बोलले. ते म्हणाले, रविवारी डंपर नसतो. शनिवारी ठेवलं तर साडेदहाला पाठवतील."

क्लीन-अप आता शनिवारी आहे. येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आलीय.